सागरी महामार्ग होऊ दे, जुना रस्ता पायांना ठेवा

प्रति,
रेवस–रेड्डी सागरी महामार्गाचे आखणीकार,
तसेच रत्नागिरीचं जिल्हा प्रशासन आणि नगरपरिषद

स. न. वि. वि.

विषय आधीच सांगते, म्हणजे हा कागद कुठल्या टेबलावर सरकवायचा ते ठरवायला सोपं जाईल. रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्ये ते पूर्णगड आणि उत्तरेला शिरगाव ते मालगुंड असा किनाऱ्याचा जो जुना, वळणावळणाचा रस्ता आहे, त्याला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी व्हाव्यात. महामार्गाची आखणी जिथे नव्या जागेतून जाणार आहे, तिथे जुना रस्ता आहे तसाच अरुंद ठेवून तो चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि पळणाऱ्यांना द्यावा. जिथे हाच रस्ता रुंद होणार आहे, तिथे दोन्ही कडांना मीटरभर रुंदीची, डांबराशी समतल अशी साइडपट्टी मिळावी. नकाशे तुमच्याकडे आहेत, कुठे काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. हा रस्ता पायांखाली कसा लागतो ते मी सांगू शकते, म्हणून हा पत्रप्रपंच.

महामार्गाला माझा विरोध नाही, हेही इथेच नोंदवते. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून कोकणातली माणसं या सागरी रस्त्याबद्दल ऐकत आली आहेत. जयगडच्या खाडीवर पूल झाला तर तवसाळला जायला फेरीबोटीची वाट बघत बसावं लागणार नाही. दाभोळचं आणि बाणकोटचंही तेच. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन जेटीवर थांबलेल्या माणसाला खाडीच्या सौंदर्याबद्दल प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. पूल हवेत आणि लवकर हवेत. मुंबई–गोवा महामार्गाने दशकाहून जास्त काळ आम्हाला जे दाखवलं, तेवढं पुन्हा बघायची ताकद मात्र आमच्यात उरलेली नाही.

आता, कोकणात पळतं कोण, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. मी पळायला लागले तेव्हा कसोपच्या चढावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका आजींनी मला थांबवून विचारलं होतं, “काय गो बाय, यष्टी चुकली काय?” आता कोणी तसं विचारत नाही. पहाटे भाट्याच्या पुलावर, मांडवीला, किल्ल्याच्या चढावर बँकेतली, शाळेतली, दवाखान्यातली माणसं पळताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली दिसतात, आणि त्यांची गरज आमच्या हौसेपेक्षा मोठी आहे. गावातल्या मुलीला भरतीसाठी पळायचं तर मैदान तालुक्याला. तिच्या वाडीपुढे आहे तो हाच रस्ता.

किल्ल्याकडच्या फेरीपासून सुरुवात करते, कारण ती नगरपरिषदेच्या अंगणातली आहे. मांडवीच्या जेटीपासून निघायचं. वाळू काळी, म्हणून गावात त्याला काळा समुद्र म्हणतात. तिथून मिरकरवाड्याच्या अंगाने जाऊन रत्नदुर्गाचा चढ घ्यायचा. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आहे, तीन बाजूंनी समुद्र आहे. एका टेकाडावर भगवतीचं देऊळ असलेला बालेकिल्ला, दुसऱ्यावर दीपगृह. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये तो आदिलशाहीकडून घेतला. चढ लांब नाही, पण शेवटच्या टप्प्यात छाती भरून येते. वर पोचून मागे वळलं की खाली मिरकरवाड्याचं बंदर दिसतं, ट्रॉलरचे दिवे अजून जळत असतात. उतरताना उत्तरेकडे वळलं की पांढरा समुद्र, आणि मग बंधाऱ्यालगत सरळ मिऱ्यापर्यंत. मिऱ्याच्या गावकऱ्यांचं दर पावसाळ्यात समुद्राशी भांडण असतं, त्यामुळे तिथला बंधारा सतत दुरुस्तीत. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज इथेच किनाऱ्याला लागलं आणि पुढे वर्षानुवर्षं रुतून राहिलं. आमच्यातले कित्येकजण त्या काळात अंतर किलोमीटरमध्ये न सांगता “जहाजापर्यंत जाऊन आलो” असं सांगायचे.

या फेरीत दोन अडचणी आहेत. पहिली मिरकरवाड्याच्या आसपासची. मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं पाणी गळतं. त्यात माशाचं तेल आणि खवलं असतात आणि ते पाणी नेमकं उताराच्या वळणावर पसरतं. उजाडण्याआधी ते दिसत नाही. बुटाच्या तळव्याला ते लागलं की पुढची शंभर पावलं माणूस भिंत धरल्यासारखा चालतो. दुचाकीवाल्यांनाही याचा तेवढाच त्रास आहे. मासळीच्या गाड्या थांबवा असं मी चुकूनही म्हणणार नाही. बंदराचं पोट त्यावर आहे आणि त्यांची पहाट आमच्या पहाटेपेक्षा दोन तास आधी सुरू होते. गळतीचं पाणी साठवायची टाकी गाडीखाली बसवता येते, एवढंच बघावं. दुसरी अडचण म्हणजे उजेड. जानेवारीत इथे सूर्य उगवायला सात वाजून जातात. सात वाजेपर्यंत बाईमाणसाने घरातलं आवरून, पळून, आंघोळ करून डबा भरलेला असावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. म्हणजे आमचं पळणं सगळं अंधारात. दिवे पहाटे लवकर मालवले तर विजेची बचत होते हे कळतं, पण निदान किल्ल्याच्या चढावरचे थंडीच्या महिन्यांत साडेसहापर्यंत राहावेत.

किल्ल्यापाशी आणखी एक विनंती, थोडी आगाऊपणाची. तिथे रंगीत अक्षरांचे “आय लव्ह” वगैरे सांगाडे आणि फायबरचे पुतळे नकोत. त्याच पैशात एक स्वच्छतागृह पहाटे पाचला उघडं ठेवता येईल आणि एक पिण्याच्या पाण्याचा नळ चालू राहील. बायका पळायला का येत नाहीत, याचं उत्तर शोधायला समिती नेमायची गरज नाही. रस्त्यात कुठे जायची सोय नसते, म्हणून निम्म्या जणी घरातून पाणी न पिता निघतात. दमट हवेत पाणी न पिता पळायचं म्हणजे काय ते तुमच्यातल्या डॉक्टरांना विचारा. घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि पुण्यात सहज जमणाऱ्या वेगाला इथे छातीचे ठोके कितीतरी वर जातात.

आता दक्षिणेकडे. मला विचाराल तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पळायला याहून चांगला रस्ता नाही. मी सगळा किनारा पळाले आहे असं नव्हे, पण या मताला धरून बसायला मला आवडतं.

थिबा राजवाड्यापासून निघावं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा हा लाल राजवाडा १९१० मध्ये बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. समुद्र आणि खाडी दोन्ही दिसतील अशी जागा, आणि राहणाऱ्याला मात्र कुठे जायची मुभा नाही. थिबा पॉइंटवरून खाली बघितलं की काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते आणि तिच्यावर भाट्याचा पूल. त्याच दिशेने उतरायचं. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार घेतात, म्हणून खरं दुखणं दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. नवख्यांनी ही सुरुवात जोरात करू नये.

पूल ओलांडला की उजव्या हाताला भाट्याची पुळण आणि सुरुबन, डाव्या हाताला नारळ संशोधन केंद्राच्या बागा. रस्ता सपाट, सरळ. जानेवारीच्या पहाटे सुरूच्या काड्यांवरचं दंव अंगावर गळतं. किनाऱ्याच्या शेवटाला, डोंगराच्या पायथ्याशी झरी विनायकाचं देऊळ येतं आणि तिथून रस्ता एकदम मान वर करतो. हा कसोपचा चढ. खाडीच्या पातळीवरून सड्याच्या पातळीवर नेणारा. आमच्याकडची सगळी भूमीच अशी आहे: वर जांभ्याचा सपाट सडा, खाली खाडी, आणि दोन्हींच्या मध्ये उतारावर आंब्याच्या बागा आणि वाड्या. किनाऱ्याने जाणारा कुठलाही जुना रस्ता म्हणूनच वर चढतो, सड्यावर थोडा वारा खातो आणि पुढच्या खाडीला पुन्हा उतरतो. कसोप, गोळप, मग पावस. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरापाशी पाणी मिळतं, मनाला शांतता मिळते, आणि परतीची एसटीही मिळते. पुढे गेलं तर मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड, एवढासा किल्ला, वाडीतून पायऱ्या चढून गेलं की दरवाजा. भाट्यापासून तिथपर्यंतचं अंतर हाफ मॅरेथॉनच्या आसपास भरतं. मात्र मुंबईत मरीन ड्राइव्हवर काढलेली वेळ इथे कोणी सांगत बसू नये.

या रस्त्याला आणखी एक गुण आहे. डोंगर पूर्वेला आहेत. त्यामुळे सकाळी सूर्य उगवला तरी किनाऱ्याच्या बाजूचा उतार बराच वेळ सावलीत राहतो. मार्चमध्ये, जेव्हा बाकीच्या महाराष्ट्रात आठ वाजता ऊन चटके देतं, तेव्हा इथल्या वळणांवर पळता येतं. ही सावली डोंगराची आणि रस्त्यावर वाकलेल्या जुन्या आंब्या-वडांची. रुंदीकरणात डोंगराची कड कापली आणि झाडं गेली की ती जाते. बदल्यात दुभाजकातली कण्हेर मिळते.

कड कापण्याबद्दल एक गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. जांभ्याची टोपी वर कठीण असते, पण तिच्याखाली मऊ, चिकण माती असते. उभा छेद घेतला की पावसाचं पाणी त्या मातीत शिरतं. परशुराम घाटात दरडी कोसळून काय झालं ते साऱ्यांनी बघितलं आहे. गोळपच्या किंवा आरे-वारेच्या उतारावर तेच करायचं असेल तर निदान घाई नको.

उत्तरेच्या रस्त्याबद्दल जास्त सांगत नाही, कारण तो प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्धीनेच बेजार आहे. शिरगाव, साखरतर, कासारवेली, मग आरे-वारेचा डोंगर, नेवरे, भंडारपुळे, गणपतीपुळे आणि शेवटी केशवसुतांचं मालगुंड. आरे-वारेच्या वळणावरून दिसणारे समुद्र कॅलेंडरवर छापतात तसे खरोखरच दिसतात, याला कोणाचा इलाज नाही. शनिवार-रविवारी त्या वळणावर गाड्या उभ्या असतात, दरवाजे समुद्राच्या बाजूला उघडे, गाणी चालू, आणि कुटुंबं रस्त्याच्या मधोमध पाठमोरी उभी. चढावरून वर येणाऱ्याला वळणापलीकडचं दिसत नाही आणि उतरणाऱ्या गाडीला चढणारा दिसत नाही. इथे गाड्यांसाठी वळणापासून दूर, सपाटीला वाहनतळ आणि तिथून चालत यायची पायवाट, एवढं केलं तरी पुष्कळ. पाहुण्यांना दोनशे पावलं चालायला लावणं हा काही अत्याचार नाही.

कोणी म्हणेल, एवढा समुद्रकिनारा आहे, पळा की वाळूवर. हे मला मीटिंगमध्येही ऐकवलं गेलं आहे, म्हणून नीट उत्तर देते. ओली, घट्ट वाळू फक्त ओहोटीला मिळते. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ज्याला रोज पहाटे साडेपाच ते साडेसहा एवढाच वेळ आहे, त्याच्या वाट्याला पंधरवड्यातले थोडेच दिवस चांगली वाळू येते. बाकीचे दिवस घोट्यापर्यंत रुतत जायचं. शिवाय पुळण समुद्राकडे कलती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघा-कंबर बोलायला लागतात. मासे ओढायच्या रापणीच्या, म्हणजे मोठ्या जाळ्याच्या, दोऱ्या अंधारात दिसत नाहीत त्या वेगळ्याच. आणि पूर्णगडच्या पलीकडे गावखडीला थंडीत कासवं अंडी घालायला येतात. तिथे टॉर्च घेऊन पळणाऱ्यांनी जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळू हा हौसेचा भाग आहे. रोजच्या पळण्याला रस्ताच लागतो.

आणि त्या रस्त्याची कड. पत्रातला हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा थांबून वाचावा. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो. रस्ता उंच होतो, साइडपट्टी आहे तिथेच राहते. पावसाळ्यात पाण्याने ती आणखी खाली जाते. शेवटी डांबराच्या कडेला चार बोटांची, कुठे वीतभर पायरी तयार होते, आणि तिच्याखाली सुटी खडी. आम्ही उजव्या कडेने पळतो, समोरची गाडी दिसावी म्हणून. पहाटे समोरून आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो येतो, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपतात, त्याला वाट द्यायला पाय बाहेर टाकायचा तर तो पायरीवर पडतो की खडीवर ते कळत नाही. घोटा तिथे मुरगळतो. शाळेत चालत जाणारी मुलं, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणी, गुरं घेऊन निघालेला म्हातारा, सगळे त्याच पायरीवरून वरखाली करतात. पळणाऱ्याकडे निदान महागडे बूट असतात.

मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून कड डांबराला मिळवायची, ही काही नवी विद्या नाही. ती दर डांबरीकरणासोबत व्हावी आणि ती झाल्याचं कोणीतरी चालत जाऊन बघावं. गाडीत बसून ती पायरी दिसत नाही.

पुलांबद्दल. जयगड, दाभोळ, बाणकोट या खाड्यांवर जे मोठे पूल व्हायचे आहेत त्यांच्या दोन्ही बाजूंना कठड्याआत, वाहनांपासून वेगळा पदपथ असावा. मुंबईत वांद्रे–वरळी सागरी सेतू २००९ मध्ये झाला. त्यावर पायी जायला बंदी आहे, आणि वर्षातून एकदा, मुंबई मॅरेथॉनच्या सकाळी, तोच सेतू पळणाऱ्यांसाठी मोकळा होतो. त्या दिवशी तिथून पळताना माणसं वेग कमी करून समुद्र बघत राहतात, हे मी पाहिलं आहे. कोकणातल्या पुलावर अशी वर्षातून एकदाची मेहेरबानी नको. फेरीबोटीत माणूस आज तिकीट काढून पायी चढतो, बाजारहाट करून पलीकडे परततो. पूल झाल्यावर त्याने रिक्षा करायची का? पदपथ नंतर जोडता येत नाही, तो आराखड्यातच लागतो. म्हणून आत्ता लिहिते आहे.

पाखाड्यांचं लिहायचं राहिलं. सड्यावरून खालच्या वाडीत उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या वाटा, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये कुठे पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, साकव. आमच्यासाठी चढाचा सराव करायला याच्यासारखं दुसरं ठिकाण नाही. पायऱ्या रुंद असतात, गुरं उतरतील अशा हिशोबाने बसवलेल्या, त्यामुळे एका दमात दोन टाकता येत नाहीत आणि एकेक टाकावी तर लय मोडते. तरी कोरड्या दिवसांत जांभ्याच्या खडबडीत अंगावर बूट घट्ट बसतो. पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा तिथे पळणारा मूर्खच. अलीकडे विकासनिधी आला की पाखाडीवर सिमेंट ओततात. वर्षभर छान दिसतं. दुसऱ्या पावसात त्या गुळगुळीत पृष्ठभागावर शेवाळ जांभ्यापेक्षा वाईट धरतं, आणि पूर्वी जोडांमधून झिरपणारं पाणी आता वरून वाहत खाली एखाद्याच्या अंगणात जातं. ज्या वाडीला गाडीरस्ता हवा तिला तो जरूर द्या, पण पाखाडी दुरुस्त करायची असेल तर जांभ्याचा हललेला चिरा बसवा. चिरे बसवणारे गवंडी गावात अजून आहेत.

चिऱ्यावरून आठवलं. महामार्गाला भराव लागेल, दगड-मुरूम लागेल, आणि तो सड्यावरून काढला जाईल. वापर संपलेल्या चिरेखाणी कठड्यावाचून तशाच उघड्या पडलेल्या असतात, सरळ उभ्या कापलेल्या, पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या. धुक्यात सड्यावरून पळताना अशी खाण दहा पावलांवर आल्यावर दिसते. काम झाल्यावर खाण भरणं किंवा भोवती गडगा घालणं हे कंत्राटाच्या कागदात असेल तर ते जमिनीवरही दिसावं. सड्यावर दुसरंही काही आहे. कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, देवाचं गोठणं, इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा तो कातळात कोरलेला अवाढव्य हत्ती तर पूर्णगडच्या पुढे किनाऱ्याच्याच रस्त्यावरच्या गावचा. आपण ज्या कातळावर खडी टाकून तात्पुरता रस्ता करतो त्याच्यावर काय कोरलेलं आहे ते आधी बघून घ्यावं लागतं. गवताखाली आणि मातीखाली अजून किती आहे ते कातळच जाणे. आखणी करताना गावातल्या गुराख्याला विचारा, त्याच्याकडे सर्वेक्षणाच्या नकाशावर नसलेल्या जागा असतात.

हे सगळं कशासाठी, पळणारे असे किती, असं म्हणाल. साताऱ्याकडे बघा. २०१२ पासून तिथे यवतेश्वरच्या घाटातून हिल मॅरेथॉन होते आणि त्या चढासाठी म्हणून देशभरातून माणसं येतात. तिथला चढ कोणी कमी करून मागत नाही. आमच्याकडे घाट आहे, समुद्र आहे, किल्ले आहेत, टिळकांचं जन्मघर आहे, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं १९३१ चं पतितपावन मंदिर आहे, आणि हे सगळं एका सकाळच्या पळण्यात बसतं. पण मॅरेथॉन भरवा म्हणून मी हे लिहीत नाही. मॅरेथॉन एका दिवसाची असते. त्या दिवशी रस्ते झाडले जातात, दिवे लागतात, रुग्णवाहिका उभी राहते, आणि दुसऱ्या दिवशी फक्त पाण्याच्या बाटल्या उरतात. मला उरलेल्या दिवसांचं मागायचं आहे.

दर रविवारी पहाटे पाच ते आठ, किल्ला ते मिऱ्या हा पट्टा मासळीच्या आणि रहिवाशांच्या गाड्या सोडून इतर वाहनांना बंद ठेवता येईल का, हेही बघावं. सुरुवातीला थंडीचे चार महिने करून पाहा. एक पोलीस, दोन अडथळे, आणि आमच्यातले स्वयंसेवक आम्ही देऊ. भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण वगैरे मोठ्या गोष्टी या पत्रात घालत नाही. त्यासाठी वेगळं पत्र लागेल, आणि त्याचा सूर एवढा सौम्य राहील याची मला खात्री नाही.

शेवटची विनंती तुमच्या अभियंत्यांना. निविदा निघण्यापूर्वी एका सकाळी भाट्याच्या पुलापासून पावसपर्यंत आमच्यासोबत चला. पळायची सक्ती नाही, चाललात तरी चालेल, पंधराएक किलोमीटर होईल. आराखडा सोबत आणा, कुठली वळणं कापायची आहेत ते जागेवर दाखवा, आम्ही आमचं म्हणणं तिथेच सांगू. पावसला नाश्त्याचा खर्च आमच्याकडे. आणि जनसुनावणी ठेवाल तेव्हा तिची तारीख गोळप, कसोप, पावस, आरे, नेवरे इथल्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर पंधरा दिवस आधी लागावी, वेळ संध्याकाळी पाचनंतरची असावी. सकाळी अकराला ठेवलीत तर बागायतदार बागेत असतात, कोळी समुद्रावर, आणि आम्ही कचेरीत.

कळावे,
रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पळणारी एक नागरिक